लाभ, दोन, तीन

माझ्या गुडघ्यांना विचारलं असतं तर मी हा प्रवास केलाच नसता. पण सुरेखानं गुडघ्यांना विचारलं नाही, मला विचारलं, आणि तेही फोनवर आवाज रेकॉर्ड करून. "बाई, शनिवारी पालकांची बैठक हाय. तुमी या. तुमी बोललात तर ऐकतील."

सुरेखा म्हणजे धाराशिव जिल्ह्यात, बेंबळीच्या पुढं एका लहानशा गावात बालवाडी चालवणारी बाई. दोन वर्षांपूर्वी ती पुण्याला माझ्या बालवाडीत पंधरा दिवस शिकायला येऊन राहिली होती. मी शिकवायचे आणि ती मान हलवायची. निघताना म्हणाली, "बाई, तुमच्याकडं सगळं लई चांगलं हाय, फक्त लेकरांना हात घाण करायला जागा न्हाय." हे मी त्या वेळी कौतुक समजले होते.

आता तिच्या बालवाडीवर गदा आली होती. मुलं एकूण चौदा. त्यातल्या आठ जणांचे आईबाप त्यांना शहराकडच्या एका इंग्रजी शाळेत घालायच्या विचारात होते, आणि त्या शाळेची पिवळी गाडी गावापर्यंत यायला तयार होती. बालवाडीत दहाच्या खाली मुलं उरली तर खोली परत घेऊ, असं सरपंचांनी सुरेखाला तोंडावर सांगितलं होतं. चौदातून आठ गेले की किती उरतात, हे गणित आम्हा दोघींनाही येत होतं.

मी पिशवी भरली. चार रंगीत तक्ते गुंडाळून घेतले आणि वर माझा लाडका कागद ठेवला. बालवाडीत येणाऱ्या मुलाची तयारी तपासण्यासाठी मी स्वतः तयार केलेले वीस प्रश्न, प्रत्येकापुढं 'हो' आणि 'नाही' असे दोन चौकोन. कितीतरी शाळांनी तो माझ्याकडून मागून नेला आहे, आणि न मागता नेणाऱ्या त्याहून जास्त असतील. सुरेखाला हा भेट द्यायचा, असं मी ठरवलं होतं. रिकाम्या हातानं कुणाकडं जायची मला सवय नाही.

गुरुवार : बेंबळीच्या पुढं

बेंबळीला एसटीतून उतरले तेव्हा सुरेखाचा नवरा दत्ता मोटारसायकल घेऊन उभा होता. पिशवी पुढं टाकीवर, मी मागं, तक्ते माझ्या काखेत. जानेवारीतलं ऊन, दोन्ही बाजूंना काळी रानं आणि पुरुषभर उंचीची ज्वारी. मी हे सगळं डोळे भरून बघत होते, म्हणजेच तक्त्यांकडं बघत नव्हते. एका वळणावर वारा आला आणि 'आरोग्याच्या चांगल्या सवयी' काखेतून निसटून थेट करडईच्या रानात जाऊन पडल्या.

करडई पुण्यात तेलाच्या डब्यावर असते. इथं ती शेतात असते आणि तिला काटे असतात. दत्तानं गाडी थांबवली, रानाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "लई गरजेचं हाय का?" मी नाही म्हटलं. आरोग्याच्या सवयी त्या करडईलाच लागोत असं म्हणून आम्ही पुढं निघालो.

सुरेखाच्या घरी पोहोचल्या पोहोचल्या ताट आलं. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वाफाळती आमटी आणि बाजरीचे वाफवलेले गोळे, म्हणजे उंडे. येळवस होऊन थोडेच दिवस झाले होते. रानात सगळ्या घरानं बसून जेवायचा हा इकडचा मोठा सण, आणि शेजारच्या घरात पाहुणे उशिरा आले म्हणून उंडे नव्यानं झाले होते. पुण्यात मी सकाळी दोन फुलके मोजून खाते. इथं मी मोजणं सोडून दिलं.

दुसरी भाकरी निम्मी झाली असेल, तेवढ्यात सुरेखाच्या सासूबाई आतून आल्या. त्यांचं माहेर कर्नाटकात, आळंदकडं. माझ्यासमोर उभ्या राहून त्या हसत म्हणाल्या, "उठा आता?"

मी घास तसाच गिळला. जरा जास्तच खातेय हे मलाही जाणवत होतंच, पण इतकं उघड कुणी म्हणेल असं वाटलं नव्हतं. गुडघ्यांवर हात रोवून मी उठायला लागले. त्या घाबरल्या, सुरेखा धावत आली आणि सगळं कळल्यावर भिंतीला टेकून हसत सुटली. "बाई, त्या 'ऊटा आता' म्हणाल्या. कानडीत, जेवण झालं का म्हणून विचारायल्यात."

मी पुन्हा बसले. सासूबाईंनी माझ्या ताटात तिसरी भाकरी टाकली आणि ती संपेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. तीस वर्षं मी आयांना सांगत आले की मूल काय बोलतं ते नीट ऐका. माझे स्वतःचे कान इतके कच्चे असतील हे मला तिथं, साठी उलटल्यावर कळलं.

शुक्रवार : बालवाडीत

बालवाडी म्हणजे पत्र्याची एक खोली आणि पुढं कडुलिंबाखाली अंगण. माझ्या शाळेत रंगीत प्लास्टिकचे ठोकळे आहेत, धुऊन, पुसून, आकारानुसार लावलेले. इथं एका कोपऱ्यात ओल्या मातीच्या चुली चालल्या होत्या. दुसरीकडं दोन मुली ज्वारीच्या धाटांची बैलगाडी करत होत्या. चाक बसत नव्हतं म्हणून त्यांनी बैलांना दोष दिला. सुरेखा कुणाला काही शिकवताना दिसत नव्हती. ती फक्त जिथं भांडण व्हायला आलं असेल तिथं जाऊन बसायची, आणि भांडण का कोण जाणे लांबणीवर पडायचं.

मी तक्ते लावायला खिळा शोधत होते. तेवढ्यात एका मुलीनं माझा पदर ओढला आणि म्हणाली, "तुमी गिऱ्हाईक व्हा."

ही ईश्वरी. वय पाच, दोन घट्ट वेण्या, गावात भुसार दुकान चालवणाऱ्या मल्लिनाथ यांची मुलगी. बालवाडीच्या दुकानाची मालकी अर्थातच तिच्याकडं होती. पोत्यावर ज्वारीचा ढीग, शेजारी लोखंडाची दोन जुनी मापं. छोटं चिपटं, मोठं मापटं, आणि दोन चिपटी ओतली की एक मापटं भरतं, एवढं ज्ञान तिनं मला उभ्या उभ्या दिलं. मग म्हणाली, "पिशवी?"

"पिशवी नाही आणली."

"मग कशाला आला?"

मी निमूटपणे पदर पसरला. ईश्वरीनं चिपटं ज्वारीत खुपसलं, वर शीग, म्हणजे टोकदार ढीग, येईल असं भरलं आणि माझ्या पदरात ओतलं. "लाभ," ती म्हणाली. दुसरं ओतलं. "दोन." तिसरं. "तीन." आजूबाजूला जमलेली सगळी मुलं तिच्याबरोबर सुरात मोजत होती. लाभ, दोन, तीन, चार.

माझ्यातली बाई जागी झाली. इतक्या गोड आवाजात इतकी मोठी चूक माझ्याच्यानं ऐकवेना. "बाळा, लाभ नाही. एक. म्हणा बरं सगळे, एक."

कुणीच म्हणालं नाही. मग ईश्वरी, गिऱ्हाइकाला समजावतात तशा आवाजात, म्हणाली, "ही ज्वारी हाय."

"असू दे की. ज्वारी असली तरी एकच."

तिनं पायातली चप्पल काढून माझ्यापुढं ठेवली. "एक." दुसरी ठेवली. "दोन." मग ज्वारीवर हात ठेवला. "लाभ." इतकं सोपं असून या बाईला कळत नाही, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं.

"पण का?" मी विचारलं.

तिनं जरा विचार केला. "ज्वारीला एक म्हणलं की ती एकटी पडती."

सुरेखा मागं येऊन उभी होती. खळ्यावर, दुकानात, घरात धान्य मापताना पहिल्या मापाला इकडं एक म्हणतच नाहीत, लाभ म्हणतात, म्हणजे घरात भर पडते, असं तिनं मला सांगितलं. तिला ते सांगण्यासारखं काही वाटतच नव्हतं. मी आयुष्यभर ज्वारी पिठाच्या पिशवीतून विकत घेतलेली बाई. पदरातली ज्वारी सांभाळत तशीच उभी राहिले. ती परत ओतायला गेले तर ईश्वरीनं अडवलं, कारण घेतलेला माल परत घ्यायची तिच्या दुकानाची पद्धत नव्हती.

दुपारी सुरेखा मला मल्लिनाथ यांच्या दुकानात घेऊन गेली. आठ पालकांमध्ये तेच पुढं होते. ते थांबले तर बाकीचे थांबतील, असं तिचं म्हणणं. तिशीतला, शांत बोलणारा माणूस, कपाळावर भस्माचे पट्टे. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पुसली, चहा मागवला आणि गल्ल्यातून घडी केलेला कागद काढला.

"म्याडम, तुमी पुण्याच्या. खरं खरं सांगा. गाडीवाल्या शाळेत पोरीची परीक्षा घेतली. मी भाईर बसलो व्हतो. भाईर येऊन हे दिलं हातात. पोरीला मोजता येत न्हाय म्हणून लिवलंय. दोन वर्सं हितं काय केलं मग? माती कालवली?" सुरेखाकडं न बघता ते म्हणाले, "ताईंवर राग न्हाय माझा. पण बँकेत गेलो की समोरच्याची इंग्रजी ऐकून मला घाम फुटतो. माझं झालं ते झालं. हिचं तसं व्हायला नको."

मी कागद उघडला आणि मला घाम फुटला. कागद इंग्रजीत होता, पण वीस प्रश्न होते, त्याच क्रमानं, पुढं तेच दोन चौकोन. सातवा प्रश्न, दहापर्यंत वस्तू मोजता येतात का. पुढं 'नाही'च्या चौकोनात निळी खूण. त्याच प्रश्नाचा मराठी अवतार माझ्या पिशवीत, सुरेखासाठी भेट म्हणून, गुलाबी फीत बांधून ठेवलेला होता.

मी काय म्हणाले असेन? "बघू या उद्या बैठकीत," असं काहीतरी पुटपुटले आणि चहा पिऊन निघाले. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटते तेव्हा मी फार भराभर चालते. सुरेखा मागून म्हणाली, "बाई, गुडघे."

संध्याकाळी दत्ताच्या रानात हुरडा होता. गोवऱ्यांच्या आगट्यात कणसं भाजायची, हातावर चोळायची, आणि गरम कोवळे दाणे खोबऱ्याच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. कणसं चोळायला सुरेखा होती आणि बालवाडीतली पाच-सहा मुलं, त्यात ईश्वरीही. हुरड्याची ती मूठ मी जन्मात विसरणार नाही, आणि त्या मुठीबरोबर तिनं जे सांगितलं तेही.

"त्या शाळेत तुला काय विचारलं गं?" मी तिला विचारलं.

"हरभरे दिले वाटीत. म्हणल्या मोज."

"मग?"

"मोजले की. लाभ, दोन, तीन. त्या बाई म्हणल्या, वन. मी म्हणलं, लाभ. त्या म्हणल्या, एक म्हण. मी म्हणलं, हरभरे हायत." तिनं कणसातला किडका दाणा वेचून बाजूला टाकला. "मग त्यांनी वाटी काढून घेतली."

"घरी सांगितलं नाहीस?"

"कुणी विचारलं न्हाय."

शनिवार : लिंबाखाली

बैठक सकाळी दहाला होती, म्हणून अकराला सुरू झाली. वीसेक माणसं, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, सरपंच मध्ये खुर्चीवर. सुरेखा खोलीच्या दारात उभी होती आणि तिनं पदराचं टोक इतकं पिळलं होतं की त्याची दोरी झाली होती. तिच्याकडं पाहिलं तेव्हा कळलं, आज खोली गेली तर या बाईचं सगळंच जाणार.

मी बोलायला उभी राहिले. सगळं नीट ठरवून ठेवलं होतं. पण मनात तो कागद होता, आणि तो माझाच आहे हे सांगायला जीभ वळेना. म्हणून मी लांबून सुरुवात केली. मुलांचे हात, मुलांचा मेंदू, बोटांची हालचाल. उरलेले तीन तक्ते एकामागून एक उलगडले. वाऱ्यानं त्यातले दोन मिटले. पंधराव्या मिनिटाला एक आजोबा बसल्या बसल्या डुलकी घ्यायला लागले. सरपंचांनी अदबीनं विचारलं, "म्याडम, गाडीचं काय ते बोलता का?" मी गडबडले, तक्ता हातातून सुटला आणि मी खाली बसले. तीस वर्षांत माझं भाषण इतकं कधी पडलं नव्हतं.

तेव्हा सुरेखा पुढं आली. म्हणाली, "बोलायचं ते बोलू सावकाश. आधी लेकरांची ज्वारी घेऊ. आज शनिवार हाय."

दर शनिवारी एका घराकडून मुलांच्या लाह्यांसाठी ज्वारी यायची, असा तिथं रिवाज होता. त्या शनिवारचा वार मल्लिनाथ यांचा होता. ते जरा चपापले, पण पोतं तर त्यांनी आणलेलंच होतं. गाडीत मुलगी घालायची ठरवली म्हणून कबूल केलेली ज्वारी बुडवणारा तो माणूस नव्हता. डबा पुढं आला. मुलं भोवती जमली. मल्लिनाथांनी बाह्या सारल्या, मापटं ज्वारीत घातलं, शीग लावून भरलं आणि डब्यात ओतलं.

"लाभ."

दुसरं ओतलं. "दोन."

"पप्पा," ईश्वरी त्यांच्या कोपराजवळून हळूच म्हणाली, "एक म्हणा. न्हायतर तुमाला बी शाळेत घेत न्हायत."

मापटं हवेतच थांबलं. ज्वारीचे चार दाणे खाली पडले आणि एका कोंबडीनं ते टिपले. आजोबांची डुलकी मोडली. बायकांच्या बाजूला कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं, कारण मल्लिनाथांचा चेहरा हसण्यासारखा नव्हता.

"तू तिथं लाभ म्हणलीस?"

"हरभरे व्हते," ईश्वरी म्हणाली.

मल्लिनाथांनी मापटं खाली ठेवलं. मग पोत्यावर बसले आणि तिला ओढून मांडीवर घेतलं. "दहा चिपट्यांची मापटी किती गं?" त्यांनी विचारलं.

"पाच." उत्तर यायला वेळच लागला नाही.

"आन् पाच मापटी झाल्यावर आणखी एक चिपटं टाकलं तर?"

"साडेपाच. पण शीग लावून टाका."

आता मात्र सगळे हसले, सरपंचसुद्धा. मी उभी राहिले. कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. मी म्हणाले, "मल्लिनाथ, तो तुमच्या गल्ल्यातला कागद आहे ना, ते प्रश्न माझे आहेत. मी लिहिलेत. तुमच्या मुलीला मोजता येतं. आम्हाला ऐकता आलं नाही." एवढंच. तक्ता नाही, मेंदू नाही.

मल्लिनाथ मुलीला मांडीवरून उतरवून उठले. मापटं उचललं, तिसरं भरलं आणि मोठ्यानं म्हणाले, "तीन." ज्वारी पुरी मापून झाल्यावर हात झटकत ते सरपंचांना म्हणाले, "ह्या वर्सी राहू द्या गाडी. पुढच्या वर्सी बघू. पर ताई, इंग्रजीचं बी काय तरी बघा तुमी." सुरेखा म्हणाली, "बघते की." त्यांच्यामागून आणखी चार जण राहू द्या म्हणाले. तिघांनी मात्र गाडी पक्की केली. चौदातले तीन गेले, अकरा राहिले. खोली राहिली.

मुलं पांगल्यावर मी सुरेखाला विचारलं, "तू हे ठरवून केलंस ना?"

"वार त्यांचाच व्हता, बाई," ती म्हणाली आणि पदराची दोरी सोडवत लाह्यांची कढई शोधायला गेली.

पुणे

फीत बांधलेला कागद मी तसाच परत आणला. सुरेखाला तो द्यायचं धाडस झालं नाही. घरी आल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे शाळेचं जुनं कपाट उघडून भरलेले कागद चाळले. मला एक आठवत होता. तीन वर्षांपूर्वी समोरच्या बांधकामावरच्या कुटुंबातली एक मुलगी आली होती, कुठून तरी त्याच बाजूची. मी तिला वाटीत शेंगदाणे दिले होते. सातव्या प्रश्नापुढं माझ्याच अक्षरात 'नाही'वर खूण होती. तिनं पहिल्या दाण्याला काय म्हटलं होतं, ते मी किती आठवून पाहिलं. आठवत नाही. मी ऐकलंच नव्हतं. ती पुन्हा आली नाही, आणि ते बांधकामही आता पूर्ण होऊन त्यात लोक राहायला गेलेत.

मी सगळ्या कोऱ्या कागदांवरचे सातव्या प्रश्नापुढचे चौकोन खोडले आणि तिथं दोन ओळींची मोकळी जागा ठेवली. वर लिहिलं, मूल काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत लिहा. माझ्या शिक्षिका कुरकुरल्या, की यात वेळ जाईल. मी म्हणाले, जाऊ दे.

गेल्या आठवड्यात सुरेखाचा पुन्हा आवाज आला. आधी चुलींची, लाह्यांची बातमी. मग मागं झटापट आणि तिचं हसू. "बाई, ईश्वरी विचारायलीय, तुमी पदरात नेलेली ज्वारी संपली का. आन् मापताना काय म्हणता."

ज्वारी संपली नव्हती. ओट्यावर एका बरणीत होती, शेजारी मी निघताना मल्लिनाथांनी दिलेलं एक जुनं चिपटं. मी फोन ओट्यावर ठेवला, आवाज रेकॉर्ड करायचं बटण दाबलं आणि चिपटं शीग लावून भरलं. ज्वारी परातीत पडल्याचा आवाज नीट येऊ दिला.

"लाभ," मी म्हणाले.